खालची डिस्क

आमच्या ऑफिसातलं कॉम्प्युटर थंडीत सकाळी उठत नसे. ‘उठत नाही’ हा शब्द माझा. साहेब म्हणायचे ‘स्टार्ट होत नाही’, पण पुढे पुढे तेही विचारू लागले, “काय बाई, उठलं का?”

ऑफिस नागपुरात सदरला होतं, पहिल्या मजल्यावर. विणकर बायांच्या वस्त्यांचा सर्व्हे करायची एक संस्था होती. घरी माग किती, कोण बसतं, पोरं शाळेत जातात का, असले प्रश्न पिवळ्या फॉर्मवर भरून यायचे आणि ते फॉर्म कॉम्प्युटरात टाकायचे. मी तिथे बाई होते. बाई म्हणजे झाडणं, पुसणं, पाणी भरणं, चहा आणि टपाल. शिकले मी चौथीपर्यंत. एकोणीसशे ऐंशी उलटून सात-आठ वर्षं झाली होती. नक्की साल सांगता येणार नाही.

सक्करदऱ्याहून मी पायी निघायची आणि सगळ्यांच्या अर्धा तास आधी पोचायची. झाडायला एवढा वेळ लागत नसे. अर्धा तास मशीनसाठी होता. त्या पेटीच्या पोटात एक लोखंडी डबा होता, विटेएवढा, पण विटेहून जड. त्याला डिस्क म्हणत. फॉर्ममधलं सगळं त्यात साठायचं आणि सकाळी मशीन उठायचं तेही त्याच्याच जोरावर. ती डिस्क जुनी झाली होती. गारठा पडला की आतलं चाक चिकटून बसायचं. बटण दाबलं की टक, टक असा आवाज यायचा आणि पुढे काही नाही. एकदा कंटाळून मी पेटीच्या कुशीवर हाताच्या तळव्यानं थापटलं, माठ घेताना वाजवून बघतो तसं. आतून घुर्र झालं आणि पडद्यावर अक्षरं आली. त्या दिवसापासून ते काम माझ्याकडे लागलं. किती जोरानं मारायचं, कुठे मारायचं, दोन टकटकींच्या मध्ये किती थांबायचं, हे मला कळत होतं. साहेबांनी एकदा स्वतः मारून पाहिलं. उठलं नाही. मला चहाच्या खोलीतून बोलावून घेतलं. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

फॉर्म टाकायला एक मुलगी होती. मौद्याची, शेतकऱ्याच्या घरची, बी. ए. झालेली. रोज एसटीनं यायची आणि एसटीनं जायची. बोटं अशी चालायची की बघत राहावं. माझ्याहून वीस वर्षांनी लहान असेल. मला मावशी म्हणायची. कॉम्प्युटरच्या खोलीत एसी होता आणि चपला बाहेर काढाव्या लागत. मे महिन्यात ऑफिसातल्या सगळ्यांना त्या खोलीत काही ना काही काम निघायचं. ती दारातच हटकायची, “काय पाहिजे जी? हवा पाहिजे त व्हरांड्यात कूलर हाय.” मला मात्र म्हणायची, “या मावशी, बसा. तुमी मशीनची माय. तुमाले कोण अडवन?”

आम्ही डबा एकत्र खायचो. मी बौद्ध, ती कुणबी. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या डब्यातली भाकरी मोडून घेतली. मी म्हटलं, “घरी सांगशील का वं?” ती म्हणाली, “काहून? भाकर का बोलते का, मी कोणाची हाव म्हणून?” मी तिच्यावर जीव लावला असं आता म्हणणार नाही. ज्यानं जीव लावला तो माझ्यासारखं वागत नाही. मला ती आवडायची, एवढंच.

दोघी कच्च्या होतो. कच्च्या म्हणजे रोजंदारीवर. मी नऊ वर्षांपासून, ती दोनेक वर्षांपासून. त्या वर्षी साहेबांनी सांगितलं की मार्चपर्यंत सर्व्हेचं काम पुरं झालं तर दोघींची नावं पक्क्या नोकरीसाठी वर पाठवीन. एकाच पत्रात दोन नावं. माझ्या नवऱ्याची मिल महिन्यातून पंधरा दिवस बंद असायची, म्हणून मला पक्कं व्हायचं होतं. पण तिचं अडलेलं जास्त होतं. तिच्या बापानं सांगून ठेवलं होतं की पक्की झाली तर कर नोकरी, नाही तर उन्हाळ्यात लग्न. मुलगा पाहून ठेवलेला होता. शेती भरपूर, शिक्षण कमी. ती म्हणायची, “माणूस वाईट नाही मावशी. पण मी त्याले काय सांगू, दिवसभर काय केलं म्हणून? त्याले इंग्रजीतलं एफ म्हणजे काय ते ठाऊक नाही.” मी म्हटलं, “मले तरी कुठं ठाऊक हाय?” ती म्हणाली, “तुमाले सांगितलं त समजते.”

त्या थंडीत डिस्क फारच त्रास देऊ लागली. थापटूनही चार चार वेळा बटण दाबावं लागे. मुलगी घाबरली. डिस्कमधलं उतरवून ठेवायला काळ्या चकत्या असायच्या, फ्लॉपी म्हणत त्यांना. दिवाळीपर्यंतचं काम तिनं त्यांच्यावर उतरवून ठेवलं होतं. दिवाळीनंतर चकत्या संपल्या. तिनं दोनदा साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, नवी डिस्कच मागवली आहे, आता चकत्या कशाला. आणि टाकून झालेले फॉर्म ठेवायला जागा नव्हती, म्हणून तेही रद्दीत गेले. गठ्ठे मीच बांधले. सुतळीनं घट्ट बांधले, नेताना सुटू नयेत म्हणून.

म्हणजे दिवाळीनंतरच्या साडेतीन-चार महिन्यांचं सगळं त्या एका डब्यात होतं. हे मला त्या वेळी माहीत होतं. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी नवी डिस्क आली आणि ती बसवायला मेकॅनिक आला. जबलपूरकडचा माणूस, चष्मा, तोंडात पान, बोलणं सगळं हिंदीत. नव्या डिस्कवर आधी पाटी पुसल्यासारखं काहीतरी करायचं, मग जुनीतलं सगळं जसंच्या तसं तिच्यात उतरवायचं, मग जुनी काढून टाकायची आणि उद्यापासून मशीन नवीवर उठवायचं, असं त्याचं काम होतं. मुलीनं मला हे सगळं नीट समजावून सांगितलं. म्हणाली, “माणसाचं काळीज बदलवल्यासारखं हाय मावशी. पण आठवणी सगळ्या तशाच राहते.” मी म्हटलं, “मंग सकाळी थापटा लागणार नाही?” “नाही लागणार.” मला ते जरा लागलं. तिला दाखवलं नाही.

विजेचा बोर्ड टेबलाच्या खाली भिंतीत होता आणि मेकॅनिकच्या वायरी आखूड. त्यानं पेटी खाली जमिनीवर घेतली, उघडली आणि टेबलाखाली शिरून बसला. दोन्ही डिस्क दिसायला सारख्याच. एकाच कंपनीच्या, तसाच राखाडी डबा. फरक इतकाच की जुनीच्या कोपऱ्यावर थोडा गंज होता आणि नवी चकचकीत होती. तेही निरखून बघितलं तर. त्यानं जुनी काढून टेबलावर ठेवली, नवी दुसऱ्या टोकाला ठेवली आणि तारा तपासायला लागला. तेवढ्यात लाइन गेली. तो पान खायला खाली उतरला. मुलगी म्हणाली, “तोवर मी डबा खाऊन घेतो मावशी. तुमी येता?” मी म्हटलं, “तू खा, मी साहेबांचा चहा करतो.” ती व्हरांड्यात गेली.

मी टेबल पुसलं. दोन डबे दोन टोकांना, मध्ये स्क्रू, पक्कड आणि वायरींचे तुकडे. पसारा मला बघवत नाही. मी स्क्रू एका बशीत जमा केले आणि डबे एकावर एक रचले. नवी वर ठेवली, कारण ती चांगली. जुनी खाली.

लाइन आली. मेकॅनिक वर आला आणि थेट टेबलाखाली गेला. मी दारात कपांचा ट्रे घेऊन उभी होते. टेबलाखालून त्याचा हात बाहेर आला, तळवा वर करून.

“मैडम, खाली वाली दीजिए.”

मुलगी खोलीतच आहे असं त्याला वाटलं.

आता हे नागपूरच्या बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. मराठीत खाली म्हणजे बूड ज्या बाजूला असतं ती बाजू. आमच्या नागपुरात दोन्ही चालतं. ‘बादली खाली कर’ म्हटलं की आम्ही ती ओतून देतो, उचलून जमिनीवर ठेवत नाही. दिवसातून दहा वेळा हा शब्द मी दोन्हीकडून वापरायची आणि कधी चुकायची नाही. पण दोन मिनिटांपूर्वी मी माझ्या हातानं डबे रचले होते. एक वर, एक खाली. माझ्या डोक्यात तेच होतं. मी ट्रे ठेवला, वरची उचलून बाजूला केली आणि खालची त्याच्या हातावर ठेवली.

“थैंक्यू मैडम,” तो म्हणाला.

मला तोवर कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. मी बाई होते. ‘मी मॅडम नाही’ एवढे तीन शब्द त्या वेळी बोलले असते, तर त्यानं डोकं बाहेर काढून बघितलं असतं. बघितलं असतं तर कदाचित हातातल्या डब्याकडेही बघितलं असतं. मी बोलले नाही. ऐकायला बरं वाटलं, म्हणून बोलले नाही. ट्रे उचलून साहेबांकडे गेले.

चहाच्या खोलीतून मला आवाज ऐकू आला. टक, टक, मग घुर्र. आवाज ओळखीचा होता, माझ्याइतका कोणाच्याच ओळखीचा नव्हता. मला वाटलं, जुनीतून उतरवून घेतोय. मी कप विसळत राहिले.

मुलगी डबा खाऊन आली आणि मेकॅनिकच्या मागे स्टुलावर बसली. पडद्यावर आकडे चढत होते. ती मला म्हणाली, “पाहा मावशी, नवीची पाटी पुसून राहिले.” आम्ही दोघी बघत राहिलो. अर्धा तास तरी बघत होतो. आमच्या डोळ्यांपुढे तिचे चार महिने पुसले जात होते आणि ती त्यावर हसून बोलत होती.

मग मेकॅनिकनं जुनी म्हणून जी जोडली होती तिच्यातलं उतरवायला घेतलं. एकदा बटणं दाबली, दोनदा दाबली. चष्मा काढून पुसला.

“अरे,” तो म्हणाला, “ये तो खाली है.”

तेव्हा तो शब्द मला नीट ऐकू आला. हातातला फडका तसाच राहिला. मला सगळं एका क्षणात कळलं, मेकॅनिकच्या आधी कळलं.

साहेब आले. आवाज चढला. मेकॅनिक घामानं निथळत होता, एसीत. तो म्हणाला, “साब, मैंने मांगी थी, मैडम ने जो दी वही लगाई. मैंने थैंक्यू भी बोला.”

मुलगी म्हणाली, “मी नाही देल्ली जी. मी व्हरांड्यात डबा खाऊन राहिली होती.”

“मैडम, मेरे हाथ में रखी आपने.”

“मी नाही!”

साहेब म्हणाले, “इथे मॅडम एकच आहे.”

हे वाक्य मी कितीतरी वेळा मनात उलटून पाहिलं. त्यात साहेबांचं काही चुकलं नाही. मॅडम एकच होती. मी मोजणीत धरलीच जात नव्हते. मी टेबल, खुर्ची, कूलर यांच्यात मोडत होते आणि त्या दिवशी मला त्याचा फायदा झाला.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. बसमध्ये शेजारचा सरकेल म्हणून आपण थांबतो तसं, थोडी वाट बघत. मी टेबलावरचे कप उचलले आणि निघून गेले. त्यातले दोन कप भरलेले होते. कोणी प्यालेलं नव्हतं.

थोड्या वेळानं ती नळाशी आली. तोंड धुतलं. म्हणाली, “मावशी, तुमी काही पाह्यलं का वं?”

मी म्हटलं, “मी त चहा करून राहिली होती.”

ती “बरं” म्हणाली.

दर रविवारी आम्ही विहारात पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. साहेबांपुढे मी खोटं बोलले नाही, फक्त गप्प बसले, अशी समजूत मी नंतर पुष्कळ दिवस घालून पाहिली. पण नळापाशी मी बोलले होते. आणि साहेबांपाशी नाही, तिच्यापाशी. त्या समजुतीला तिथे भोक पडत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती फॉर्म परत मिळतात का ते बघायला लागली. रद्दीवाल्याकडे गेली, मला घेऊन. मी गेले. रद्दीवाला म्हणाला, “पिवळे कागद? त्याच्या पुड्या गेल्या बाई, महिना झाला.” तिनं वस्त्यांमधून परत हिंडायची तयारी दाखवली. साहेब म्हणाले, एवढा वेळ नाही. साहेब वाईट माणूस नव्हते. दोन दिवस त्यांनी आवाजही चढवला नाही. पण वरच्यांना कोणाचं तरी नाव कळवायचं होतं आणि त्यांनी कळवलं. नव्या डिस्कमध्ये दिवाळीपर्यंतचं काम चकत्यांवरून चढवलं. सर्व्हे अर्धवटच छापला.

त्या चार आठवड्यांत मी रोज ठरवायची की आज सांगायचं. सकाळी सक्करदऱ्याहून निघताना ठरलेलं असायचं. सदरला जिना चढताना नसायचं. काम अर्धवट राहिलं तरी माझा त्यात दोष नाही म्हणून साहेबांनी माझं नाव वर पाठवलं होतं. एका पत्रात आता एकच नाव होतं आणि माझ्या एका वाक्यानं तेही पुसलं गेलं असतं. भूक होती, पोरं होती, मिल बंद होती, हे सगळं खरं आहे. पण तिच्या घरी सगळं होतं आणि माझ्या घरी काही नव्हतं म्हणून मी गप्प बसले, असं म्हणणं बरोबर नाही. मी भ्याले म्हणून गप्प बसले. गरीब माणसाला भ्यायला कारणं जास्त असतात, एवढंच.

माझं पक्कं झाल्याचं पत्र मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलं. इंग्रजीत होतं. मला कोण वाचून दाखवणार? तिनंच वाचलं. आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं, मग मराठीत सांगितलं. “मावशी, पक्क्या झाल्या तुमी. आता पेढे खाऊ घाला.” मी पेढे आणले. तिनं एक खाल्ला, एक बसमध्ये खायला कागदात बांधून घेतला. चार दिवसांनी तिचं काम सुटलं. वैशाखात लग्न झालं. पत्रिका आली होती. मी गेले नाही.

पुढच्या वर्षी थंडीत मौद्याचा एक माणूस काही कामानं ऑफिसात आला. त्याच्याकडून कळलं की ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. रविवारी मी विहारात गेले नाही. बसस्टँडवर जाऊन मौद्यावरून जाणाऱ्या भंडाऱ्याच्या गाडीत बसले. सोबत पुडाच्या वड्या घेतल्या होत्या. सांबार, म्हणजे कोथिंबीर, त्या दिवसांत चांगला मिळतो, आणि तिला वडी आवडायची.

घर विचारत गेले. अंगणात तिची आई मिरच्या निवडत होती. मी कोण ते सांगितलं. ती लगबगीनं उठली. “या जी, बसा. पोट्टीच्या तोंडी सारखं तुमचंच नाव. मावशीनं डबा देल्ला, मावशीनं असं केलं. ऑफिसात तेवढ्या एकट्याच तुमी होत्या तिच्यासाठी, म्हणे.”

म्हणजे घरी तिनं काहीच सांगितलं नव्हतं.

आईनं चहा आणला. मी कपाकडे बघितलं. कानतुटका आहे का, वेगळा ठेवलेला आहे का, घरातल्या कपांपेक्षा निराळा आहे का. खरं सांगते, मी खोट शोधत होते. खोट सापडली असती, तर मी वड्या ठेवून ताठ मानेनं परत गेले असते आणि जन्मभर म्हटलं असतं की हे लोक असेच, मग मी तरी कशाला सांगू. कप घरातलाच होता. तिची आईही तसल्याच कपात प्यायली, माझ्यासमोर बसून.

मुलगी आतल्या खोलीत बाजेवर होती. बाजेखाली शेगडी, कुशीत बाळ. मुलगी झाली होती. तिचा स्वतःचा चेहरा भरला होता. “या मावशी. आज कशी काय वाट चुकल्या?”

मी बाळाला पाहिलं. नाक कोणावर गेलं ते बोललो. वड्यांचा पुडा उशाशी ठेवला. मग आई मिरच्यांकडे गेली आणि मी म्हटलं, “त्या दिवशीचं सांगा लागते तुले.”

“कोणत्या दिवशीचं?” ती म्हणाली, आणि लगेच म्हणाली, “दोघीच त होतो मावशी. मी नाही देल्ली. मंग कोणं देल्ली, हे मले समजत नसन का?”

“मंग बोलली काहून नाही?”

“तुमी बोलसान असं वाटलं मले. तुमी कप उचलून गेल्या.”

मी मान खाली घातली. म्हटलं, “मी मुद्दाम नाही केलं वं. त्यानं खाली वाली मागतली. मी दोन्ही एकावर एक ठेवल्या होत्या. त्याले पाहिजे होती रिकामी, मी देल्ली खालची.”

मग तिला हसू फुटलं. तोंडावर पदर धरला, बाळ हललं, तरी थांबेना. “खालची! अरे देवा. खाली वाली म्हणलं त खालची देल्ली!” डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. “थांबा मावशी, माह्या पोटात दुखते. टाके हाय माह्ये.” मीही हसले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं. वाटलं, सुटलो.

ती हसायची थांबली. डोळे पुसले. छताकडे बघत म्हणाली, “एवढंच त सांगायचं होतं. साहेब बी हासले असते.”

ते खरं होतं. साहेब हसले असते. मेकॅनिक हसला असता. शिव्या तिघांत वाटल्या गेल्या असत्या, आणि एका शब्दाच्या घोटाळ्यासाठी कोणी कोणाचं नाव पत्रातून खोडलं नसतं. निदान खोडायला जड गेलं असतं. मी ज्याला वर्षभर केवढं तरी भीत होते, ते हसण्यावारी नेण्यासारखं होतं. चूक माफ होण्यासारखी होती. ती लपवली म्हणून तिचं दुसरंच काही झालं.

“चुकलं माह्यं,” मी म्हटलं.

“हो,” ती म्हणाली. राहू द्या, जाऊ द्या, असलं काही म्हणाली नाही. बाळाचं दुपटं सारखं केलं. मग तिनं विचारलं, “मशीन उठते का आता?”

“नवीन डिस्क हाय. एकदा बटण दाबलं का उठते.”

“थापटा नाही लागत?”

“नाही.”

“मंग तुमी काय करता तिथं, मावशी?”

तिनं हे टोचून विचारलं की सहज, ते मला आजही सांगता येत नाही. तिचा आवाज पूर्वीसारखाच होता. तेवढ्यात बाळ रडायला लागलं, तिनं त्याला पदराखाली घेतलं आणि माझ्याकडे पाठ झाली. आई आत आली. मी निघताना आईनं मला मूठभर लाल मिरच्या बांधून दिल्या. नको म्हणायला मला तोंड नव्हतं.

पुन्हा मी मौद्याला गेले नाही. तीही कधी सदरला आली नाही.

मी पक्की होते, म्हणून नोकरी पुढे बरीच वर्षं चालली. कॉम्प्युटर बदलले, साहेब बदलले. सवय काही बदलली नाही. मी सगळ्यांच्या अर्धा तास आधीच यायची. कुलूप काढायची, बटण दाबायची. मशीन लगेच उठायचं. झाडून व्हायचं, पाणी भरून व्हायचं. मग बाकीचा वेळ मी तिच्या स्टुलावर बसून राहायची. करायला काही नसायचं.